चिनी भाषेचा वर्ग : दार उघडण्यापूर्वीचे काही प्रश्न

आपल्या निवासी विद्यालयाच्या गेल्या पालक मेळाव्यात एका माजी विद्यार्थ्याने सूचना मांडली. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात तो यंत्रांच्या देखभालीचे काम पाहतो. यंत्रे चीनहून येतात, त्यांची माहितीपुस्तके चिनीत असतात आणि काही अडले की पलीकडच्या अभियंत्याशी बोलावयास कोणी नसते. आपल्या मुलांना चिनी शिकवावी, असे त्याने कळकळीने सांगितले. त्यावर सभागृहातून तीन प्रश्न उठले. एका पालकांनी विचारले, याने नोकरी लागेल का? दुसरे म्हणाले, ज्यांच्याशी सीमेवर आपले जवान लढले, त्यांची भाषा आपण कशासाठी शिकावी? आणि पहिल्या रांगेतील एका वृद्ध उपासिकेने शांतपणे विचारले, “मग आमच्या पालीचं काय?”

त्या दिवशी वेळ अपुरा पडला. तिन्ही प्रश्नांना उत्तर देण्याचे आम्ही कबूल केले होते. या स्मरणिकेच्या निमित्ताने ते ऋण फेडीत आहोत. इतिहासाचा शिक्षक म्हणून आमची दृष्टी थोडी मागे वळून पाहणारी आहे, हे वाचकांनी गृहीत धरावे.

आपलाच इतिहास, परक्या लिपीत

सातव्या शतकात युवान च्वांग हा चिनी भिक्खू भारतात आला. शालेय पुस्तकांत त्याचे नाव ह्युएनत्संग असेही आढळते. इ. स. ६२९ च्या सुमारास तो निघाला आणि ६४५ मध्ये परतला. या प्रवासात तो आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला. येथे सुमारे १०० विहार आणि ५००० भिक्खू असल्याची नोंद त्याने केली आहे. येथील माणसे उपकाराला जागणारी आणि अपमान सहन न करणारी आहेत, असेही त्याने लिहिले. पुलकेशी राजाच्या काळातील महाराष्ट्राविषयी एवढे जिवंत, प्रत्यक्षदर्शी वर्णन दुसरीकडे मिळणे कठीण.

हा पुरावा चिनीत आहे. आपण तो वाचतो तो सॅम्युअल बील या इंग्रज अभ्यासकाने १८८४ साली प्रसिद्ध केलेल्या अनुवादातून किंवा त्यानंतरच्या इंग्रजी अनुवादांतून. म्हणजे आपल्याच मातीवरील विहारांची हकिगत आपल्यापर्यंत येते ती दोन परक्या भाषांचा वळसा घेऊन.

ठाणे-कल्याण परिसराचा तर धम्माशी फार जुना संबंध आहे. सोपारा, म्हणजे प्राचीन शूर्पारक, येथे सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे अवशेष सापडले. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दानशूर उपासकांची नावे कोरलेली आहेत. व्यापारी, लोहार, सोनार अशा माणसांच्या दानातून ही लेणी उभी राहिली. ज्या बंदरांतून माल परदेशी गेला, त्याच मुलखातून धम्मही चोहीकडे पसरला. भूमीवरच्या व समुद्रावरच्या वाटांनी तो चीनमध्ये पोहोचला आणि तेथे शेकडो ग्रंथांच्या रूपाने स्थिरावला.

त्यांपैकी कित्येक ग्रंथ भारतातून नाहीसे झाले, पण चिनी अनुवादात टिकले. अश्वघोषाच्या ‘बुद्धचरिता’चे उदाहरण घ्या. संस्कृतात त्याचा जवळपास अर्धाच भाग आज उरला आहे. संपूर्ण काव्य चिनी आणि तिबेटी अनुवादांतच मिळते. वर्णव्यवस्थेवर तर्कशुद्ध प्रहार करणाऱ्या ‘वज्रसूची’चाही चिनी अनुवाद दहाव्या शतकात झाला; तेथे तिचे कर्तृत्व धर्मकीर्तीकडे दिले आहे. जातिभेदाविरुद्धचा एक भारतीय युक्तिवाद हजार वर्षांपूर्वी चिनी भिक्खूंच्या ग्रंथालयात जपला गेला, ही गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक असावयास हवी.

“मग पालीचं काय?”

उपासिकेचा प्रश्न आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. म्हणून त्याचे उत्तर प्रथम देतो. पालीच्या तासिका कमी करून चिनीचा वर्ग सुरू होणार असेल, तर आम्ही त्यास विरोध करू. पाली ही तथागतांच्या वचनांची भाषा म्हणून आपण जपतो. परमपूज्य बाबासाहेबांनी स्वतः पाली शब्दकोश व व्याकरण तयार करण्याचे परिश्रम घेतले. ते महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन-भाषणांच्या १६ व्या खंडात प्रसिद्ध केले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने मराठीबरोबरच पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. जी भाषा आपल्या विद्यालयाचा पाया आहे, तिच्यावर दुसऱ्या भाषेची इमारत बांधता येईल. तिच्या जागेवर नव्हे.

परंतु पाली आणि चिनी एकमेकींच्या सवती नाहीत. याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविणारे प्रा. पु. वि. बापट हे धर्मानंद कोसंबींच्या परंपरेतील अभ्यासक. बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्गा’चा अभ्यास करताना त्यांच्यासमोर ‘विमुत्तिमग्ग’ हा दुसरा ग्रंथ आला. त्याचा मूळ पाठ हरवला होता आणि संपूर्ण ग्रंथ चिनी अनुवादात होता. बापटांनी चिनीचा अभ्यास केला, दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचले आणि १९३७ साली त्यांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे विनयपिटकावरील ‘समन्तपासादिका’ या अट्ठकथेच्या चिनी रूपाचा इंग्रजी अनुवाद त्यांनी जपानी पंडित अकिरा हिराकावा यांच्यासह पूर्ण केला. तो १९७० साली पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने प्रकाशित केला. पाली चांगली यावी म्हणून चिनी शिकलेला हा मराठी शिक्षक होता.

मात्र हे ज्ञान पुण्याच्या महाविद्यालयांच्या आणि संशोधन संस्थांच्या भिंतींआडच राहिले. वसतिगृहात पत्र्याची पेटी घेऊन येणाऱ्या, घरातील पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यापर्यंत ते पोहोचले नाही. प्रश्न आहे तो येथे.

भाषा कोणाची आणि कोणासाठी

बाबासाहेब एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत असताना त्यांना संस्कृत घ्यावयाचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी स्वप्रयत्नाने संस्कृत आत्मसात केले, जर्मनचा अभ्यास केला, पालीत खोल उतरले. एखादी भाषा कोणी शिकावी आणि कोणी शिकू नये हे ठरविण्याचा अधिकार इतरांच्या हाती गेला, की ज्ञानाचे दार बंद होते. आपल्या समाजाने हे पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे.

म्हणून चिनीच्या वर्गात कोणाला प्रवेश द्यावयाचा, हा प्रश्न लहान नाही. पहिल्या दहा क्रमांकांच्या मुलांनाच बसवावे, अशी सूचना हमखास येईल. ती आम्हांस मान्य नाही. गुणपत्रिकेवर निवड करणे म्हणजे ज्याच्या घरी पुस्तके होती त्याला पुन्हा पुस्तक देणे होय. इच्छा, नियमितपणा आणि पालकांची संमती या तीनच कसोट्या पुरेत. जागांपेक्षा अर्ज अधिक आले तर सर्वांसमोर चिठ्ठ्या काढाव्यात आणि निम्म्या जागा मुलींसाठी असाव्यात.

शत्रूची भाषा?

१५ जून २०२० रोजी गलवान खोऱ्यात आपले २० जवान शहीद झाले. ज्या पालकांनी हा प्रश्न विचारला, त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. तरीही नम्रपणे सांगावेसे वाटते की भाषा शिकणे म्हणजे त्या देशाच्या राज्यकर्त्यांना मान्यता देणे नव्हे. आपल्या संरक्षण मंत्रालयाचे परकीय भाषा विद्यालय १९४८ पासून दिल्लीत चालते आणि तेथे चिनी शिकविली जाते. ज्याच्यापासून सावध राहावयाचे, त्याचे बोलणे समजणे हीही देशसेवाच आहे.

बाबासाहेबांची भूमिकाही येथे मार्गदर्शक ठरते. ऑगस्ट १९५४ मध्ये राज्यसभेत परराष्ट्र धोरणावर बोलताना त्यांनी पंचशील कराराची परखड चिकित्सा केली. पंचशील ही बौद्ध धम्मातील तत्त्वे आहेत. माओंची त्यांवर खरोखर श्रद्धा असती तर त्यांनी स्वतःच्या देशातील बौद्धांना वेगळ्या रीतीने वागविले असते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. म्हणजे धम्माच्या नात्याने चीनकडे पाहणे आणि तेथील सत्तेची चिकित्सा करणे, ही दोन्ही कामे एकच माणूस एकाच वेळी करू शकतो. आपल्या विद्यार्थ्यांनी तेच शिकावे.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकासह चीनला गेले. तेथील भाषा शिकून त्यांनी जखमींवर उपचार केले आणि तेथील तरुणांना वैद्यक शिकविले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच त्यांचे निधन झाले. चिनी जनता आजही त्यांची आठवण काढते. राज्ये भांडतात तेव्हाही माणसांचे ऋण उरतेच.

एक सावधगिरी मात्र हवी. २०१२ साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने चिनी भाषेच्या अध्यापनासाठी चीनच्या कन्फ्यूशियस संस्थेच्या मुख्यालयाशी करार केला होता. मुंबई विद्यापीठातही त्या संस्थेचे केंद्र होते. पुढे वारे बदलले. २०१९ च्या शैक्षणिक धोरणाच्या मसुद्यात परकीय भाषांच्या उदाहरणांत चिनीचे नाव होते. २०२० च्या अंतिम धोरणात ते राहिले नाही आणि त्याच वर्षी केंद्र शासनाने कन्फ्यूशियस केंद्रांच्या फेरतपासणीचा निर्णय घेतला. यातून घ्यावयाचा धडा एवढाच की परक्या सरकारच्या पैशावर आणि शिक्षकांवर उभा केलेला वर्ग दोन देशांच्या संबंधांबरोबर वर-खाली होतो. आपला वर्ग आपल्याच पैशावर चालावा.

नोकरीचे खरे उत्तर

२०२३-२४ या आर्थिक वर्षात चीनकडून भारतात झालेली आयात १०० अब्ज डॉलरच्या पुढे गेली. डोंबिवली-अंबरनाथचे कारखाने, भिवंडीची गोदामे, उल्हासनगरचा बाजार यांचा त्या मालाशी रोजचा संबंध आहे. दुभाषे, खरेदी विभागातील कर्मचारी, तंत्रज्ञ यांना या भाषेचा उपयोग निश्चित होतो. परंतु शाळेत तीन वर्षे चिनी शिकल्याने नोकरी मिळेल, असे वचन कोणी देऊ नये.

मुलांना किती येईल, हेही स्पष्ट सांगावे. चिनीच्या प्रमाणित परीक्षेच्या अनेक वर्षे रूढ असलेल्या सहा पायऱ्यांच्या रचनेत पहिल्या पायरीला १५०, दुसरीला ३०० आणि तिसरीला ६०० शब्द लागतात. आठवी ते दहावी या तीन वर्षांत आपली मुले दुसरी पायरी गाठतील, काही तिसरीच्या उंबरठ्यावर येतील. ओळख करून देणे, भाव विचारणे, वेळ-तारीख सांगणे, साधे पत्र वाचणे एवढे त्यात येते. चीनच्या २०१३ च्या अधिकृत तक्त्यात नित्य वापराच्या पहिल्या गटातच ३५०० चिन्हे आहेत. वर्तमानपत्र वाचण्याची मजल त्यापुढची.

आणखी एक भेद धम्मबांधवांनी लक्षात घ्यावा. वर्गात शिकविली जाणारी आजची चिनी सुलभ केलेल्या चिन्हांत लिहितात. जुने बौद्ध ग्रंथ पारंपरिक चिन्हांत आणि अभिजात चिनीत आहेत. दोहोंतील अंतर आजची मराठी आणि महाराष्ट्री प्राकृत यांतील अंतरासारखे मानावे. शाळेत रोवलेले बीज पुढे विद्यापीठात वाढवावे लागेल. दहावी झालेला मुलगा ‘वज्रसूची’चा चिनी पाठ वाचू लागेल, असा भ्रम नको.

मराठी मुलाची एक जमेची बाजू

चिनीत स्वरांच्या चढ-उताराने अर्थ बदलतो. ‘मा’ हा उच्चार एका सुरात आई, दुसऱ्या सुरात घोडा आणि तिसऱ्या सुरात रागावणे असा अर्थ देतो. सूर चुकला की आईचा घोडा होतो. म्हणून पहिले सहा महिने कानाचे आणि जिभेचे आहेत. या काळात शिक्षक कच्चा असेल तर पुढे दुरुस्ती फार अवघड.

पण मराठी मुलाकडे एक देणगी आहे. चिनीत प आणि फ, त आणि थ, क आणि ख हे भेद अर्थ बदलतात आणि हे भेद आपल्याला पाळण्यातच येतात. रोमन लिपीतील चिनी वाचताना मात्र घोटाळा होतो, कारण तेथे ‘प’साठी ‘ब’चे इंग्रजी अक्षर वापरले आहे. आपण ‘बेईजिंग’ म्हणतो, तो उच्चार खरे तर ‘पेइ-चिंग’ला जवळचा आहे. ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतील दोन वेगळे च मराठी मूल सहज उच्चारते. चिनीतही त्यांच्या जवळचे दोन वेगळे ध्वनी आहेत. म्हणून पहिल्या महिन्यांत देवनागरीचा आधार घ्यावा, इंग्रजीचा नव्हे. मराठी माध्यमाच्या मुलाला येथे न्यूनगंड बाळगण्याचे कारण नाही.

धम्माचे परिचित शब्दही मदतीला येतात. बोधिसत्त्वाचे चिनी रूप ‘फू-सा’, निर्वाणाचे ‘न्ये-फान’, अर्हताचे ‘आ-लुओ-हान’. ध्यान या शब्दाचे तर ‘छान’ झाले आणि तेच जपानमध्ये ‘झेन’ झाले. ध्यानाला चिनी लोक ‘छान’ म्हणतात, हे ऐकून वर्ग हसेल. पण तो शब्द पुन्हा कोणी विसरणार नाही.

एक जुनी चूक

पूर्वी आम्ही ज्या शाळेत सेवेत होतो, तेथे एकदा जपानीचा वर्ग मोठ्या थाटात सुरू झाला. फलक लागला, छायाचित्रे निघाली. चाळीस मुलांनी नावे दिली. जूनमध्ये आलेल्या शिक्षिकेला डिसेंबरात दुसरीकडे चांगली नोकरी मिळाली. त्यांचा दोष नव्हता; मानधनच तेवढे होते. संस्थेने नवीन शिक्षक शोधला नाही. एक अक्षरमाला पुरी होऊन दुसरी अर्धी झाली होती. नववीतील एक मुलगी वही घेऊन आमच्याकडे आली आणि म्हणाली, “सर, पुढची अक्षरं कोण शिकवणार?” त्या वर्गाची जबाबदारी आमच्याकडे होती. आमच्यापाशी उत्तर नव्हते. काही दिवसांनी त्याच वहीच्या उरलेल्या पानांवर ती गणिते सोडविताना दिसली.

ज्यांच्या आजोबांना अक्षर नाकारले गेले, त्यांच्या नातवंडांना अर्धी अक्षरे देऊन थांबणे हे आम्हांस नाकारण्याचेच दुसरे रूप वाटते. त्यात मूल एकच गोष्ट शिकते, की आपल्यासाठी सुरू झालेल्या गोष्टी मध्येच थांबतात.

आमची सूचना

म्हणून आमचे म्हणणे असे की वर्ग जरूर उघडावा. परंतु पुढील गोष्टी सिद्ध झाल्यावरच.

एक, पहिल्या तुकडीच्या तीन वर्षांचे शिक्षक-मानधन वर्ग सुरू होण्यापूर्वी स्वतंत्र खात्यात जमा असावे. ते जमले नाही तर वर्ष पुढे ढकलावे.

दोन, तुकडी २० मुलांची असावी. रोज संध्याकाळी प्रार्थनेपूर्वी पंचवीस मिनिटे, अशी तासिका असावी. आठवड्यातून एकदा दोन तास शिकण्यापेक्षा रोजचा थोडा सराव भाषेला मानवतो, आणि हा सराव निवासी शाळेलाच शक्य आहे. पाली, मराठी व इंग्रजीच्या तासिकांना हात लावू नये.

तीन, मुंबईहून लोकलच्या गर्दीतून येणारा शिक्षक रोज येऊ शकणार नाही. त्याने शनिवार-रविवार विद्यालयात मुक्काम करावा. उरलेले दिवस ध्वनिमुद्रित पाठांवर सराव चालावा. त्यासाठी आपल्याच एका शिक्षकाने पहिल्या दिवसापासून मुलांसोबत बाकावर बसून चिनी शिकावी. बाहेरचा शिक्षक उद्या गेला तरी वर्ग पोरका होणार नाही.

चार, चिनी मजकूर आज बहुधा संगणकावरच लिहिला जातो. वसतिगृहात मोबाइलला बंदी आहे आणि ती असावी. तेव्हा संगणक कक्षातील वेळ या तुकडीसाठी राखून ठेवावा.

पाच, दहावीनंतर या मुलांचे काय, याची नोंद ठेवणारी माजी विद्यार्थ्यांची एक छोटी समिती असावी. ज्याला पुढे शिकावयाचे आहे त्याला विद्यापीठाची वाट दाखविणे हे तिचे काम. दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि शांतिनिकेतनचे चीन भवन येथे चिनीचे उच्च शिक्षण मिळते. चीन भवनाचे उद्‌घाटन रवींद्रनाथांच्या हस्ते १९३७ साली झाले, तो दिवस १४ एप्रिलचा होता, हा योगायोग आपल्या मुलांना नक्कीच आवडेल.

युवान च्वांग आपल्याकडे आला तेव्हा नालंदेत बसून त्याने वर्षानुवर्षे आपली भाषा शिकली. परत गेल्यावर १९ वर्षे, म्हणजे ६६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत, तो अनुवाद करीत राहिला. भाषा शिकणे हे असे चिकाटीचे काम आहे. त्याच्या चिकाटीच्या शतांशाने तरी आपण संस्था म्हणून वागावे, एवढीच अपेक्षा.

माजी विद्यार्थ्यांनी या लेखाचे उत्तर टाळ्यांनी देऊ नये. आपण तीन वर्षांसाठी दरमहा किती देऊ शकतो, हे कार्यालयात लेखी कळवावे. रक्कम लहान असली तरी चालेल. खंड पडता कामा नये. आणि उपासिका माईंनी निश्चिंत असावे. पालीचा तास जेथे आहे तेथेच राहील.

जय भीम! नमो बुद्धाय!